गोळीने दुखणे किती थांबले? ते मोजतात कसे?

ताप आला की थर्मामीटर लावतात. रक्तदाब पाहायचा तर दंडाला पट्टा बांधतात. साखर पाहायची तर बोटाला सुई टोचतात. पण दाढ ठणकते, कंबर धरते किंवा गुडघ्यात कळ येते तेव्हा 'किती दुखते' हे सांगणारे यंत्र कोणत्याच दवाखान्यात नसते. दांडेलीला नसते, हुबळीला नसते आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळातही नसते.

मग एखादी गोळी दुखणे थांबवते हे ठरवतात कशावरून? ती अर्ध्या तासात लागू पडते की दोन तासांनी? तिचा गुण चार तास टिकतो की आठ? 'दर सहा तासांनी घ्या' असे डॉक्टर सांगतात, तो सहाचा आकडा येतो कुठून? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण वेदनाशामक गोळी नाही असे घर आज सापडणे कठीण. आणि कुळगीसारख्या जंगलातल्या गावात डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसल्यामुळे गोळी कधी घ्यायची, दुसरी कधी घ्यायची आणि कधी थांबून दवाखाना गाठायचा, हे पुष्कळदा घरातच ठरते.

यंत्र करून पाहिले

वेदना मोजण्याचे यंत्र कोणी केलेच नाही असे नाही. १९४० च्या सुमारास अमेरिकेत हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी एक उपकरण बनवले. कपाळावर काळी शाई लावायची, त्यावर दिव्याची उष्णता सोडायची आणि चटका कधी बसू लागतो ते टिपायचे. प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. वेदनेला त्यांनी 'डोल' नावाचे एककही दिले.

पण या यंत्राने दवाखान्यातले काम भागले नाही. प्रयोगशाळेतला चटका माणसाला ठाऊक असतो. तो आता थांबेल हेही ठाऊक असते. आजारातल्या दुखण्याला भीती, जागरण आणि उद्याची काळजी चिकटलेली असते. हेन्री बीचर हे भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. मोठ्या जखमा असूनही बरेच सैनिक मॉर्फिन नको म्हणतात, हे त्यांनी तिथे पाहिले. रणांगणातून जिवंत सुटलो, हा दिलासा त्या जखमेशी जोडलेला होता. म्हणजे जखम किती मोठी यावरून दुखणे किती मोठे हे कळत नाही.

दुखणाऱ्यालाच विचारा

शेवटी शास्त्रज्ञ एका साध्या निष्कर्षावर आले. दुखण्याचा खरा साक्षीदार एकच, तो म्हणजे ज्याला दुखते तो. मात्र त्याला विचारताना दर वेळी तोच प्रश्न, त्याच शब्दांत आणि ठरलेल्या वेळी विचारायचा. विचारण्याच्या प्रमुख रीती अशा आहेत:

१. शब्दांची पट्टी : मुळीच नाही, थोडे, मध्यम, जोराचे. यांतला एक शब्द निवडायचा.

२. आकड्यांची पट्टी : ० म्हणजे मुळीच दुखत नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तितके असह्य. मधला आकडा रुग्णाने सांगायचा.

३. रेघ : दहा सेंटीमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला 'दुखत नाही', उजव्या टोकाला 'असह्य'. रुग्णाने रेघेवर खूण करायची आणि मोजणाऱ्याने फूटपट्टीने अंतर मोजायचे.

४. चेहरे : लहान मुलांना आकडे जमत नाहीत. त्यांच्यासाठी हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहरे काढलेले असतात. डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात केलेला तक्ता जगभर वापरला जातो.

तान्ह्या बाळाला किंवा बोलू न शकणाऱ्या रुग्णाला विचारता येत नाही. तिथे चेहरा, पायांची हालचाल, रडणे, कुशीत घेतल्यावर शांत होणे यांवरून अंदाज करतात.

आकड्याबरोबर दुखण्याची जातही कळावी लागते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये दुखण्याच्या शब्दांची एक मोठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपली मराठी याबाबतीत श्रीमंत आहे. ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, आग, बोचणे, झोंबणे, मुरडा, उसण, लचक, मुंग्या, वेणा. आजी जेव्हा 'दुखत नाही गं, नुसती आग होते' म्हणते तेव्हा ती डॉक्टरांना महत्त्वाची माहिती देत असते. ठणका, मुरडा आणि आग यांची कारणे वेगळी असू शकतात आणि औषधेही वेगळी. तेव्हा डॉक्टरांपुढे 'दुखतंय' एवढ्यावर थांबू नये. आपला नेमका शब्द सांगावा.

हातात घड्याळ

एकदा विचारून औषधाची परीक्षा होत नाही. १९४८ मध्ये के. डी. कील या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वेदनेचा तक्ता मांडला. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला दुखणे. तापाच्या तक्त्यासारखाच. त्यानंतर न्यूयॉर्कच्या मेमोरियल कर्करोग रुग्णालयात रेमंड हाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पक्की केली. प्रशिक्षित परिचारिका तासातासाला रुग्णाजवळ जाई आणि तेच प्रश्न विचारी : आता किती दुखते? गोळीच्या आधीपेक्षा किती आराम आहे?

पुढे अशा चाचण्यांसाठी एक सोयीचे दुखणे सापडले. ते म्हणजे अक्कलदाढ काढल्यानंतरचे. दाढ काढून घेणारे बहुधा तरुण आणि एरवी धडधाकट असतात. भूल उतरली की सर्वांना साधारण सारखेच दुखू लागते. दुखणे पुरेसे वाढले की गोळी देतात आणि रुग्णाच्या हाती दोन स्टॉपवॉच देतात. किंचित फरक जाणवला की पहिले बंद करायचे. 'आता खरा आराम पडला' असे वाटले की दुसरे. त्यानंतर ठरलेल्या वेळी आकडे लिहून घेतात. आराम पडला नाही तर रुग्णाला तळमळत ठेवत नाहीत, दुसरे औषध देतात. ते कितव्या तासाला मागितले याचीही नोंद होते. गोळीचा गुण किती वेळ टिकला हे त्यावरूनच कळते.

आणखी एक अडचण उरते. दुखणे पुष्कळदा वेळ गेल्यावर आपोआप उतरते. शिवाय औषध घेतले या भरवशानेही बरे वाटते. म्हणून काही जणांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते. रुग्णालाही ते ठाऊक नसते आणि आकडे लिहिणाऱ्यालाही नसते. दोन्ही गटांतला फरक, तेवढेच औषधाचे श्रेय.

थोडे गणित

समजा तीन रुग्ण आहेत. तिघांचेही दुखणे सुरुवातीला ७. एकाला 'अ' गोळी दिली, दुसऱ्याला 'ब', तिसऱ्याला औषध नसलेली 'क'. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. खऱ्या चाचणीत प्रत्येक गटात पुष्कळ माणसे असतात.)

| तास | अ | ब | क |
|---|---|---|---|
| ० | ७ | ७ | ७ |
| १ | ३ | ६ | ६ |
| २ | २ | ४ | ६ |
| ३ | ३ | ३ | ६ |
| ४ | ५ | ३ | ६ |
| ५ | ६ | ४ | ७ |
| ६ | ७ | ५ | ७ |

आता प्रत्येक तासाला ७ मधून किती कमी झाले ते काढू आणि बेरीज करू.

अ : ४ + ५ + ४ + २ + १ + ० = १६
ब : १ + ३ + ४ + ४ + ३ + २ = १७
क : १ + १ + १ + १ + ० + ० = ४

सहाही तास दुखणे शून्यावर राहिले असते तर बेरीज ४२ झाली असती. आलेखाच्या कागदावर दर तासाला एक खांब काढला तर ही बेरीज म्हणजे त्या खांबांचे एकूण क्षेत्रफळ. भूमितीत शिकलेले क्षेत्रफळ इथे माणसाच्या आरामाचे माप होते.

पण बेरजेवर थांबू नका, आलेखाचा आकारही पाहा. अ आणि ब यांच्या बेरजा जवळजवळ सारख्या आहेत, स्वभाव मात्र वेगळा. 'अ' लवकर धावून येते आणि चौथ्या तासापासून पाठ फिरवते. 'ब' उशिरा येते पण टिकते. अचानक उठलेल्या कळेला 'अ' बरी. रात्री झोप हवी असेल तर 'ब' बरी, पण ती आधी घ्यावी लागेल. 'ब' घेणारा एका तासाने 'काहीच फरक नाही' म्हणून दुसरी गोळी घेईल तर फसेल. पहिलीचा जोर तिसऱ्या-चौथ्या तासाला यायचा असतो. तेव्हा दोन्ही गोळ्या एकदम अंगात असतील.

शंभरांत किती जणांना?

अशा अनेक चाचण्या एकत्र करून त्यांचा हिशेब मांडण्याचे काम कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था करते. चार ते सहा तासांत मिळू शकणाऱ्या पूर्ण आरामाच्या निम्मा तरी आराम किती जणांना मिळाला, असा प्रश्न त्यांनी घेतला. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनने शंभरांत ५४ जणांना इतका आराम पडला. औषध नसलेल्या गोळीने १४ जणांना. फरक ४०. म्हणजे १०० ÷ ४० = २.५. पाच जणांना गोळी दिली तर दोघांना खास त्या औषधामुळे निम्मा आराम मिळतो, असा याचा अर्थ. हा आकडा जितका लहान, तितके औषध गुणकारी. १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसाठी तो सुमारे ३.६ आहे. कोडीन हे अफूच्या जातीचे औषध. नाव मोठे, पण ६० मिलिग्रॅम कोडीन एकटे दिले तर आकडा १२ येतो. औषध 'कडक' आहे ही समजूत आणि मोजून आलेले उत्तर यांत एवढे अंतर पडू शकते.

इथे दुसरीही गोष्ट दिसते. चांगल्या औषधानेही सर्वांना आराम पडत नाही. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडली नाही म्हणून आपले दुखणे खोटे ठरत नाही, आणि मात्रा दुप्पट करणे हा त्यावर उपाय नाही.

कोकणातले उदाहरण

घड्याळ लावून उपचारांची तुलना करण्याचे मोलाचे काम आपल्या शेजारच्या कोकणातही झाले आहे. ते वेदनाशामकाचे नाही, विंचूदंशाचे आहे. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर संशोधन केले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. दंश झालेले ७० रुग्ण, ३५-३५ चे दोन गट. एका गटाला प्राझोसिन हे औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविष लस. १० तासांनी पाहिले तर लस मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२ जणांची विषाची लक्षणे गेली होती, दुसऱ्या गटात ८ जणांची. बरे होण्याचा सरासरी वेळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास.

या चाचणीत कोणाला काय दिले हे लपवलेले नव्हते. पण तिथे पाहायचे होते ते घाम, लाळ, थंड पडलेले हातपाय, नाडी आणि रक्तदाब. ही लक्षणे डॉक्टरांना बाहेरून तपासता येतात. दुखणे तसे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच्या चाचणीत गोळी ओळखू न देणे फारच महत्त्वाचे.

या उदाहरणातून घरी लक्षात ठेवायची गोष्ट अशी : दुखण्याचा आकडा हा धोक्याचा आकडा नव्हे. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर दुखणे किती हे मोजत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा. छातीत दुखणे, पोटात अचानक उठलेला असह्य शूळ, डोक्याला मार लागल्यावरचे दुखणे यांनाही हाच नियम.

सोसणे आणि सांगणे

आपल्याकडे सोसण्याला मान आहे. घरातली बाई दुखणे अंगावर काढते आणि म्हातारी माणसे 'वयाचे आहे' म्हणून गप्प राहतात. पण न सांगितलेले दुखणे डॉक्टरांना मोजता येत नाही, आणि जे मोजले गेले नाही त्यावर नेमका उपचारही होत नाही. कर्करोगाच्या रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये सांगितले की वेदनाशामक औषध घड्याळाप्रमाणे द्यावे, रुग्ण विव्हळू लागेपर्यंत थांबू नये. वरचा आलेख पाहिला की कारण कळते. पहिल्या मात्रेचा गुण ओसरण्याआधी दुसरी पोचली तर दुखणे डोके वर काढत नाही. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची वेदना कमी करणारे ते देशातले पहिले सेवागृह. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापराची वाट सोपी करण्यात आली.

उलट बाजूही विसरू नये. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून वेदनेचा आकडा नाडी-तापासारखा सर्वत्र विचारला जाऊ लागला. तो शून्यावर आणण्याच्या ओढीने अफूच्या जातीची औषधे सढळ हाताने देण्याला हातभार लागला, आणि व्यसनाचे संकट वाढले. म्हणून आज डॉक्टर आकड्याबरोबर विचारतात : झोप लागली का? चालता आले का? जेवण गेले का? जुन्या दुखण्यात आकडा दोनने किंवा एक-तृतीयांशाने उतरला तरी रुग्णाला बराच फरक जाणवतो.

घरात आणि शाळेत काय करता येईल?

पालकांना विनंती अशी की, दुखण्याची एक वही ठेवा. दिवस, वेळ, कुठे दुखते, कसे दुखते, आकडा, औषधाचे नाव व मात्रा, मग एक, दोन आणि चार तासांनंतरचा आकडा. आठवड्याची अशी नोंद डॉक्टरांपुढे ठेवली तर दहा मिनिटांच्या भेटीत त्यांना आठवडा दिसतो. काही पथ्येही पाळा:

- पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार तास जाऊ द्या. धडधाकट प्रौढाने दिवसात सर्व मिळून ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली असते, ती डॉक्टरांना विचारा.
- सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. पाकिटावरचे औषधाचे नाव वाचा, नाहीतर नकळत दुप्पट जाते.
- मुलांची मात्रा वजनावरून ठरते. मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. मुलांना ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका.
- अंगदुखीसह ताप असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू किंवा आपल्या जिल्ह्यात आढळणारा माकडताप असेल तर रक्तस्राव वाढू शकतो.
- मूत्रपिंडाचा आजार, पोटातला व्रण किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक नको. रोज गोळी लागत असेल तर कारण शोधायला हवे.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम. आजी-आजोबांची परवानगी घेऊन आठवडाभर रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री त्यांच्या गुडघ्याचा किंवा कमरेचा आकडा विचारा. चालू औषधात काहीही बदल करायचा नाही, फक्त टिपायचे. आलेखाच्या कागदावर बिंदू जोडा. कोणत्या वेळी दुखणे वाढते? गोळी कधी घेतली होती? आपण काढलेला आलेख आजीच्या पुढच्या तपासणीला बरोबर पाठवा.

विश्वस्त मंडळाने एका गोष्टीचा विचार करावा. शाळेच्या प्रथमोपचार पेटीजवळ अशीच एक वही ठेवता येईल. मुलाने सांगितलेला आकडा, वेळ, काय केले आणि अर्ध्या तासाने काय झाले, एवढी नोंद पुरे. शाळेत गोळी द्यायची असेल तर पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांचा सल्ला असल्याशिवाय देऊ नये, आणि दिलेली वेळ चिठ्ठीवर लिहून घरी कळवावी. म्हणजे शाळेत दुपारी दिलेली गोळी घरी संध्याकाळी न कळत पुन्हा दिली जाणार नाही. यासाठी लागणारा खर्च म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि भिंतीवरचे घड्याळ.